सत्तेचाळिसाव्या नंबरचं पाणी

लोहीखेडच्या ग्रामपंचायतीपुढे त्या दिवशी एवढी गर्दी होती, की पूर्णा नदीला पात्र सोडून गावात यायचं असतं तरी उभं राहायला जागा मिळाली नसती. डीजे वाजत होता. जेसीबीच्या तोंडातून झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या आणि त्यांच्याखाली हात जोडून उभे होते डॉ. हरिहर देशकर, अमरावतीच्या एका कॉलेजातले भूशास्त्राचे प्रोफेसर. मागच्या बॅनरवर त्यांचा फोटो, आणि फोटोखाली अक्षरं: ‘जगातले सत्तेचाळिसावे भूशास्त्रज्ञ’.

“सत्तेचाळिसावा म्हंजे पास का नापास?” माझ्या शेजारच्या देवमननं विचारलं.

“अबे, अख्ख्या दुनियेतून!” सरपंच प्रीतम खेकसला. “शेहेचाळीस मानसं वर, बाकी सारी दुनिया खाली!”

मी मोतीराम. गावात थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे आणि ती रास्त आहे. चिखलदऱ्याच्या घाटात मी एका वाघाला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं, हे मी तीस वर्षांपासून सांगतो. पण माझ्या थापेत कधी आकडे नव्हते, म्हणून माझा कधी सत्कार झाला नाही.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. वर कपाशीची काळी माती, खाली मिठाचं पाणी. दाळ शिजत नाही, आणि म्हातारं व्हायच्या आत माणसाची किडनी थकते. अंगणवाडीतल्या सिंधूचा नवरा त्यातच गेला. आता तिचाही रिपोर्ट बिघडला होता. अकोल्याच्या डॉक्टरनं तिला बजावलं होतं, गावचं पाणी बंद. गावाबाहेरून ती कॅन आणायची, पण कॅन संपली की पुन्हा तेच पाणी.

गावाला पाण्याचं एकच काम मंजूर झालं होतं. माया इंगोले आमच्याच गावची पोरगी, सरकारच्या पाणी खात्यात नोकरीला. बारा उन्हाळे ती या भागातल्या विहिरी तपासत होती. ती म्हणत होती, जमिनीतलं काही गोड होत नाही, टिनाच्या छपरांवरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधा. देशकर साहेब म्हणत होते, बोअर मारा. ठराव त्याच सभेत व्हायचा होता.

साहेबांनी माईक घेतला. “बंधूंनो, माझ्या शोधनिबंधांचा आजवर इतरांच्या निबंधांत चार हजार तीनशे बारा वेळा उल्लेख झाला आहे. त्यावरून निघणारा माझा एच-इंडेक्स अडतीस आहे. आणि मी तुम्हाला सांगतो, तुमच्या शाळेमागे, दोनशे दहा फुटांवर, गोड पाणी वाट पाहत आहे! आठवड्यात ते तुमच्या पेल्यात असेल!”

“एच म्हंजे काय जी?” देवमन ओरडला.

“हरिहर!” प्रीतमनं परस्पर उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. साहेबांनीही दुरुस्ती केली नाही.

तेवढ्यात माया लॅपटॉप घेऊन उभी राहिली. “सर, हे चार हजार उल्लेख कोणी केले?”

“जगानं.”

“मी एकेक उघडून पाहिला. साडेतीन हजार उल्लेख फक्त अकरा माणसांनी केले.” मग ती बायांकडे वळली. “मावशी, लग्नात नाव घेतलं होतं नं?”

“घेतलं नं! पाच-सहा खेपा!”

“काहून? नवरा लय गुणी होता म्हणून?”

“गुनी कायचा! ननंद दार अडवून उभी होती!”

सारी सभा हसली.

“तसंच आहे हे. हे अकरा प्रोफेसर एकमेकांचं दार अडवून बसले. मी तुमचं नाव घेतो, तुमी माझं घ्या. हा पाहा, चिखलदऱ्याच्या कॉफीवरचा निबंध. त्यात खाऱ्या पाण्यावरच्या साहेबांच्या नऊ निबंधांची नावं. कॉफीत मीठ घालतात काय?”

“आन बाकीचे आठशे?” प्रीतमनं अडवलं.

“त्यातला हा ऐका. परदेशातल्या एका बाईनं लिहिलं, देशकरांचे विहिरींचे आकडे चुकीचे आहेत. तोही धरला. नाव घेतलं तरी एक, नावं ठेवली तरी एक. उल्लेख मोजून नंबर लावणाऱ्या यंत्राला मोजता येते, वाचता येत नाही.” ती साहेबांकडे वळली. “सर, आमच्या गावातल्या कोणत्या विहिरीचं पाणी तुम्ही तपासलं?”

“आमचं कॉम्प्युटर मॉडेल आहे, मॅडम.”

“मॉडेलनं चाखलं?”

लोक पोट धरून हसले. डीजेवाल्यानं वायरी गुंडाळायला घेतल्या. ही माझी थाप असती तर मी गोष्ट इथंच संपवली असती आणि साहेबांना वाघाच्या मागे बसवून अमरावतीला धाडलं असतं.

प्रीतमनं डोकं खाजवलं. “ते सारं बरोबर आहे, माया. पन तुहा नंबर कितवा?”

“मले नंबर नाही, भाऊ. माझ्या नोंदी खात्याच्या कपाटात आहेत. त्याईचं नाव अजून कोणी घेतलं नाही.”

“झालं तर मग!”

हात वर झाले. सिंधूनंही बोअरसाठी हात वर केला. मायानं तिच्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

आठवड्यात बोअर झालं. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं, नारळ फुटला. देवमननं पहिला घोट घेतला आणि प्रीतमच्या पांढऱ्या पायजम्यावर थुंकला. मायाच्या मीटरनं सांगितलं, गावातल्या जुन्या विहिरींपेक्षाही हे खारं. साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, “ही स्थानिक विसंगती आहे.” सहा महिन्यांत ‘लोहीखेडची विसंगती’ यावर त्यांचा निबंध आला. अकराही जणांनी त्याचं नाव घेतलं. हे बोअर कसं चुकलं ते मायानं एका संशोधन-पत्रिकेत सविस्तर छापलं, आणि ते छापताना तिला साहेबांचं नाव लिहावंच लागलं. तेही यंत्रानं धरलं. साहेब आता जगात एकेचाळिसावे आहेत.

सिंधूला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला न्यावं लागतं. परवा सोबतीला मी गेलो होतो. दवाखान्याच्या बाकावर मला राहवलं नाही.

“सिंधू, मायानं एवढं उघडं करून दाखवलं. तुले समजलं नव्हतं काय?”

“समजलं होतं, आबा. साऱ्याईच्या आंधी समजलं होतं.”

“मग हात काहून वर केला?”

ती सुजलेल्या हाताकडे पाहत राहिली. “माया म्हने, टाकी बांधू, पानी पडू द्या, मग पिऊ. जमिनीतलं काही गोड होत नाही. खरंच होतं ते. तो म्हने, आठवड्यात गोड पानी. तो आठवडा मले लय बरं वाटलं, आबा.”

आतून तिचं नाव पुकारलं, तशी मी तिची पिशवी उचलली.

वाचकहो, अंगारा देणाऱ्या बाबाला आपण आता ओळखतो. हा बाबा नंबर देतो. त्याला विचारा, काय मोजलं? कोणी मोजलं? आणि मोजलेलं कोणी वाचलं का? हे विचारायला भूशास्त्र यावं लागत नाही, एक पेला पुरतो. लोहीखेडला एकच काम मंजूर होतं, ते झालं. तुमच्या गावचं अजून व्हायचं असेल, तर हात वर करायच्या आधी विचारा.