गोळी पायलची, मोबाइल विक्कीचा

घरात मोबाइल एकच असला की तो पुरुषाच्या खिशात राहतो. दुखणं बाईच्या छातीत असलं तरी.

बोंडअळीच्या त्या वर्षी विक्की बोरी अरबहून लोहाऱ्याच्या कारखान्यात गेला, अर्थात मोबाइल घेऊन. घरी बायकोला, पायलला, टीबी. दवाखान्याच्या पाकिटातून गोळी काढली की मागे लपलेला नंबर दिसे. गोळी खाऊन त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे दवाखान्यात गोळी घेतल्याची नोंद होई. विक्कीनं अक्कल चालवली. दर महिन्याला घरी आला की सगळ्या गोळ्या काढून तिला बरणीत भरून देई, रिकामी पाकिटं सोबत नेई आणि रोज सकाळी इमानानं कॉल देई. एक दिवस चुकवला नाही! दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर पायलच्या नावापुढे हिरव्या खुणांची रांग लागली. हिरवं दिसतंय, मग घरी कोण कशाला येईल?

तिसऱ्या खेपेला विक्की आला, तेव्हा पायल पदरात रक्त थुंकत होती. ज्वारीच्या कोठीमागे न खाल्लेल्या गोळ्यांचं गाठोडं सापडलं. फेकून द्यायला तिचं मन धजलं नव्हतं.

"म्या रोज कॉल देल्ला ना वो!" विक्की धावत आलेल्या आरोग्यसेविका कोकिळाताईंवरच ओरडला.

"कॉल तुमी देल्ला भाऊ. गोळी कोनं खाल्ली?"

तो बायकोकडे वळला. "काहून नाई खाल्ल्या वं?"

"मळमळे," पायल धापा टाकत म्हणाली. "उलट्या करत कापूस कसा वेचू? आधीच बोंडं किडकी. एक दिवस नाई गेली त दुसरी बाई लावत. मंग खोकला कमी झाला. वाटलं, झाली बरी."

"मले सांगाचं ना!"

"महिन्यातून येकदा येता. त्या दिवशी तुमाले हसतमुख बायको पायजे. अन् रोजचं कायच्यावर सांगू? फोन त तुमच्यापाशी!"



कोकिळाताईंचा चेहरा उतरला. "मीबी चुकली. हिरवं पाहून खुश झाली, दाराशी आली नाई. ती खूण फोन लागल्याची हाय भाऊ, औषध पोटात गेल्याची नाई. मळमळीवर इलाज होता. कोनी इचारलं असतं त!"

तपासणीत निघालं, गोळ्या अर्धवट घेतल्यानं जुनी औषधं आता लागू पडत नाहीत. नवे उपचार लांबलचक, त्रासाचे. पायल वाचेलच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

विक्कीनं मोबाइल तिच्या हाती दिला. आता कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो सोबत्याचा फोन मागून घरी लावतो.

"नवी नवरी हाय का बे?" सोबती चिडवतात. तो हसत नाही.

"जेवली का? उलटी झाली का? गोळ्या रायल्या पोटात?"

पलीकडून आधी खोकला येतो, मग उत्तर. खोकला थांबेपर्यंत तो फोन कानाला धरून उभा राहतो.

मंडळी, यंत्र वाईट नाही. ते आठवण करून देईल, खूणही करील. पण आजाऱ्याची विचारपूस त्याच्यावर ढकलू नका. आणि ज्याचं दुखणं, त्याच्याच हाती फोन द्या!