दार उघडायचं ठरलं होतं

घोंगडीखाली आवाज घुमत नाही.

पुण्यात एका कंपनीत कावळ्याचे डोळे कोणत्या रंगाचे असावेत यावर बैठक झाली.

विठ्ठलरावांनी शाळेची एकच भिंत चुन्यानं रंगवून घेतली.

रिकामा तवा फार वेळ चुलीवर राहिला की त्याला एक वास येतो.

मेंढराला नाव ठेवलं तरी ते नावाला येत नाही. हाळीला येतं.

आता सलग.

उन्हाळ्यात भामाबाई आणि धुळाजी यांची मेंढरं केजच्या बाजूला एका रानात बसली होती. पुण्याहून त्यांचा पुतण्या रामेश्वर आला. तो चित्रांचे सिनेमे बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. आई लवकर गेल्यामुळे तो या काकीच्याच हाताखाली वाढला, मेंढरांमागं चालत.

"काकी, तुझा आवाज पाहिजे."

"कशाला? इकाया?"

"सिनेमाला. कावळा-चिमणीची गोष्ट करतोय. कावळा तू."

"रंगावरून धरलंस व्हय?" धुळाजी म्हणाला.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं. तो चिमणीच्या दारात येतो, ती थांब थांब म्हणत राहते, आणि शेवटी आत घेते ती तापलेल्या तव्यावर बसवायला. रामेश्वरच्या सिनेमात कावळा दुष्काळातून निघून लांबच्या मोठ्या शहरात, भर पावसात आला होता. चिमणी उंच इमारतीत राहत होती. खाली वॉचमन, आधार कार्ड दाखवा म्हणणारा.

"म्हंजी आपल्यावानी," धुळाजी म्हणाला. "ह्याच्या रानातून उठायचं, त्याच्या रानात बसायचं. कुटं गेलं तरी इचारत्यात, तुमी कुटले."

भामाबाईला दुसरंच विचारायचं होतं. "मग दार उघडती का न्हाई ती?"

"ह्या वेळी उघडते. त्याच्यासाठीच तर करतोय."

"तव्याबिव्याचं न्हाई ना? मी ल्हानपणापासून ऐकते, दरखेपेला त्याचं ढुंगण भाजतं आन् समदे हासत्यात. मला लई कीव येती त्याची. तसलं असंल तर मी बोलायची न्हाई."

"दार उघडणार. शब्द देतो, काकी."

रानात वारा फार. म्हणून दोघं घोंगडी पांघरून बसली, भर उन्हात. मध्ये माईक, रामेश्वरच्या नाकावरून घाम. भामाबाई कावळ्याचं बोलली. माजं घर ऱ्हायलं न्हाई, माय. जरा टेकू दे. पावसाचं कुटं जाऊ.

मध्येच थांबून म्हणाली, "पुन्यात असं बोलतं का कोनी?"

"कावळा पुण्याचा नाही. तो आपला आहे. तू बोलतेस तसंच पाहिजे."

मग त्यानं हाळी मागितली. कावळा पहिल्यांदा शहरावर येतो तेव्हा हाक मारतो, कुणी ओळखीचं आहे का म्हणून. ती मेंढरांना बोलवायच्या हाळीसारखी हवी.

भामाबाईनं माईक बाजूला सारला. फुकट हाळी देत नाहीत. मेंढरं आली की त्यांना काहीतरी मिळालं पाहिजे, पाणी, पाला, निदान पाठीवर हात. काहीच नसेल तर हाळी खोटी पडते. खोटी पडलेली हाळी मेंढरं लक्षात ठेवतात.

"दुसरं कायबी माग."

"एकदाच. दार उघडायच्या अगोदर लोकांना कळायला पाहिजे ना, तो कसा एकटा आहे."

तिनं दिली. हिर्रर्र हौऽऽ. लिंबाखाली बसलेली मेंढरं उठली आणि घोंगडीभोवती येऊन उभी राहिली. भामाबाईनं घोंगडी फेकली, पोत्यातली ज्वारी काढली आणि सगळ्यांपुढं मूठ मूठ टाकली. रामेश्वर ते बघत होता. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

सिनेमातून काढून टाकलेली चौकट: दार उघडतं. चिमणी कावळ्याला टॉवेल देते.

ही चौकट रामेश्वरनं स्वतःच्या हातानं चितारली होती. ती कंपनीच्या संगणकात अजून आहे.

थंडीत मेंढरं वडवणीच्या अलीकडं विठ्ठलरावांच्या रानात बसली. बाजरी निघाली होती आणि त्यांना लेंडीखत पाहिजे होतं. आपल्या रानातली बाई सिनेमात बोलली हे कळल्यावर विठ्ठलरावांनी शाळेची भिंत रंगवली, पोरांना चुरमुरे वाटले आणि रामेश्वरला सिनेमा दाखवायचं मशीन घेऊन बोलावलं. शाळा रानाला लागून. मेंढरं जाळीच्या वाघरीत, कुंपणापलीकडंच.

सून संगीता म्हणाली, "आत्याबाई, नवं लुगडं नेसा. फोटो काढतील."

"आवाजाचा कुटं फोटो निघतो." पण नेसली.

दिवेलागणीला भिंतीवर शहर उभं राहिलं.

चिमणी बोलली. गोड, धुतलेली भाषा. "एक मिनिट हं, मी बाळाला झोपवतेय." बायका म्हणाल्या, किती छान बोलती.

कावळा आला. त्याचे डोळे लाल होते. पाठीला कुबड, पायात फाटकी चप्पल, आणि तो खिडक्यांतून आत बघत होता, कुठं काय उचलता येईल ते. तोंड उघडलं आणि भामाबाई बोलली. माजं घर ऱ्हायलं न्हाई, माय.

पोरं हसली. पोरांचंही घरचं बोलणं तेच होतं.

भामाबाईनं मागं वळून मशीनपाशी पाहिलं. रामेश्वर वायरकडं बघत होता.

तिला वाटलं, अजून दार यायचंय.

दार उघडलं. चिमणीनं गोड हसून आत बोलावलं आणि गॅसवरच्या तव्याकडं बोट दाखवलं. तिथं उबेला बसा हं. कावळा बसला. मग तो ओरडला, आणि ओरडायला त्यांनी ती हाळी वापरली होती. मोठी करून, खालीवर ताणून, पुन्हा पुन्हा. हिर्रर्र हौऽऽ.

सगळी शाळा हसली.

वाघरीची जाळी पडल्याचा आवाज कुणाला आला नाही. मेंढरं माणसांतून घुसली, चुरमुरे तुडवत, आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. कावळा त्यांच्या पाठींवर जळत होता.

"काय बे धुळाजी," विठ्ठलराव म्हणाले, "तिकीट काढलं का ह्यांचं?"

भामाबाई उठली. पदराची गाठ चाचपली, ओटी चाचपली. नव्या लुगड्यात काही नव्हतं. एक मेंढी वळून तिच्याकडं आली, तिचा रिकामा हात हुंगला आणि परत भिंतीकडं गेली.

ती रामेश्वरपाशी गेली.

"दार?"

"वरच्यांनी बदललं, काकी. पोरं हसली पाहिजेत म्हणाले. मी लई भांडलो."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणली असतीस."

"व्हय. म्हनले असते."

"तुझं नाव ठेवायला लावलं मी. ते बघ, येतंय."

भिंतीवर अक्षरं चढत होती. भामाबाईला वाचता येत नव्हतं. संगीतानं वाचलं, आणि वाचताना तिचा आवाज खाली गेला. "कावळा, भामाबाई."

"बरं झालं," भामाबाई म्हणाली. "वरडलं कोन ते समद्यांला कळंल."

चौकट: एक पोरगं मोबाइलवर कावळ्याचं ओरडणं लावतं. मेंढरं पळत येतात.

चौकट: तेच. मेंढरं माना वर करतात.

चौकट: तेच. मेंढरं चरतात.

चौकट: भामाबाई हाळी देते. मेंढरं चरतात.

"नवी हाळी काढ," धुळाजी म्हणाला.

"हिला पंचवीस-तीस वरसं दानं चारलेत. नवीला आता कोन चारील?"

हाळी आता संगीता देते, वेगळी, तोंडात दोन बोटं घालून शीळ. मेंढरं हळूहळू शिकतायत. भामाबाई मागून काठी घेऊन चालते. धुळाजीशी, सुनेशी बोलते, पण मोठ्यानं नाही.

रामेश्वरचा फोन आला की ती उचलते, कानाला लावते.

"काकी? ऐकू येतंय का? काकी, एकदा बोल की."

ती ऐकते. मग फोन एखाद्या मेंढीच्या गळ्यातल्या घंटेजवळ धरते आणि तिकडून तो बंद करेपर्यंत तसाच धरून ठेवते.

रामेश्वर लहान असताना चौसाळ्याच्या बाजारात हरवला होता. भामाबाईनं मेंढरांची हाळी दिली, तेव्हा तो गर्दीतून पळत आला होता.