आफ्राची मागची गाठ

मित्रांनो, म्युनिकच्या बीअरच्या उत्सवात कसं बसावं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या. मी लाकडी बाक आहे, जुना आहे, आणि एकतीस वर्षं सगळी दुनिया माझ्यावरच बसत आली आहे. बसणाऱ्याची खरी ओळख बाकालाच होते.

माझा जन्म डोंगरातल्या एका सुतारशाळेत झाला. पाइनच्या लांब फळीला रंधा मारला, वर नारिंगी रोगण चढवलं आणि खाली घडीचे लोखंडी पाय ठोकले. सुताराने हात फिरवून म्हटलं, "हा टिकेल." मी टिकलो. वर्षातले सोळा-सतरा दिवस माझं काम, बाकीचे महिने गोदामात घडी घालून झोप. अशी नोकरी कुणाला मिळते सांगा! पण त्या सतरा दिवसांत दम निघतो. किती नाचले माझ्यावर, किती रडले, किती जणांनी किल्लीने नावं कोरली. एका ग्रेटेलचं नाव तर माझ्यावर तीनदा आहे, तिन्ही वेळा वेगळ्या मुलाबरोबर. आता माझं रोगण उडालंय आणि बीअरच्या तंबूचे मालक मला कडेच्या रांगेत टाकतात. टाकू द्या. कडेला बसून जास्त दिसतं.

पाहुणे येण्याआधी बाकाला विचारत नाहीत, म्हणून न विचारताच सांगतो. शनिवारी येऊ नका, चेंगराल. आठवड्याच्या मधल्या वारी या, दुपारच्या आत या आणि आधी बूड टेकवा. आमच्याकडे उभ्या माणसाला बीअर मिळत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. बसण्याआधी "जागा आहे का?" असं विचारा. रिकामी दिसली तरी विचारा, ती रीत आहे. मगाला मग भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मगात नाही. पोटात आधी काहीतरी घाला, अर्धी भाजलेली कोंबडी नाहीतर मिठाचा गाठीचा पाव. नाचायचं तर माझ्यावर नाचा, माझी ना नाही. पण टेबलावर चढलात तर रखवालदार दंडाला धरून बाहेर काढतील आणि मी तुमची बाजू घेणार नाही. लहानांनी सफरचंदाचा फसफसता रस प्यावा, तोही मोठ्या मगातूनच मिळतो.

आणि एक गोष्ट गाठीची. आमच्या बायका उत्सवाला घेरदार झगा घालतात आणि त्यावर एप्रन बांधतात. एप्रनच्या बंदाची गाठ डावीकडे असली तर बाई मोकळी, उजवीकडे असली तर तिची लग्नगाठ बांधलेली. गाठ मागे असली तर ती विधवा. पण बीअरचे मग वाहून नेणाऱ्या वाढपिणींचीही गाठ मागेच असते, कारण पुढे ती कामात अडकते. हा घोळ कुणी घातला देव जाणे, पण भोगला तो आफ्राने.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार होता, अकरा वाजले होते. आफ्रा ह्योल्त्झल तंबूत एकटी शिरली. साठीची बाई, निळा झगा, गाठ मागे. चार पावलं टाकली नाहीत तोच भाड्याच्या चामडी चड्ड्या घातलेल्या उत्तरेकडच्या पाहुण्यांनी हाक मारली, "ओ बाई, तीन मग!" पुढच्या टेबलावरच्या आजीबाईंनी तिच्या हातात रिकामी ताटलीच दिली. बिचारी ती ताटली घेऊन माझ्यापर्यंत आली.

"अगं आफ्रा!" आमची वाढपीण बुर्गल ओरडली. एका वेळी दहा मग उचलणारी ही बाई, तिचा आवाज काय सांगू! "इतक्या दिवसांनी? आणि ही ताटली कुठून आणलीस?"

"मला तुमच्यात भरती करून घेतलंय लोकांनी," आफ्रा म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बुर्गल, आलोइसला जाऊन चौदा महिने झाले. मी बेकरीच्या पलीकडे गेलेली नाही. आज ठरवून आलेय. एक मग इथे एकटीने बसून संपवायचा. जमलं तर पुढेही घराबाहेर पडेन. नाही जमलं तर बहिणीच्या वरच्या खोलीत राहायला जाईन. तिने पडदेसुद्धा शिवून ठेवलेत."

"पडदे गेले खड्ड्यात," बुर्गल म्हणाली. "बस तू. आणतेच."

माझ्या दुसऱ्या टोकाला व्हिटूस बसला होता. घड्याळं दुरुस्त करणारा, इथलाच, दरवर्षी येणारा. आफ्राची पाठ त्याच्याकडे होती. त्याने पाठ पाहिली, गाठ पाहिली आणि म्हणाला, "बाई, एक मग आणि अर्धी कोंबडी. कातडी कुरकुरीत असू द्या."

आफ्रा वळलीच नाही. "मी वाढायला नाही, बसायला आलेय," एवढं म्हणून ती माझ्या या टोकाला, अगदी काठावर टेकली. नवऱ्याची, आलोइसची जागा मधे सोडून. बुर्गलने मग आणून ठेवला. आफ्राने दोन्ही हातांनी उचलून पहिला घोट घेतला.

व्हिटूसला मात्र गप्प बसवेना. "मग गाठ मागे कशाला बांधली म्हणतो मी?"

"विधवेचीही गाठ मागेच असते. बाहेरच्यांना माहीत नाही, ठीक आहे. तुम्ही तर इथलेच ना?"

व्हिटूस लालेलाल झाला. वाईट माणूस नव्हता तो. माफी मागायची तर टोपी काढून उभं राहून मागावी, असं त्याला आईने शिकवलं होतं. तो ताडकन उठला.

मित्रांनो, आम्हा बाकांची एक खोड आहे. आमचे पाय टोकाला नसतात, थोडे आत असतात. एका काठावरचा माणूस उठला की दुसऱ्या काठावरचा खाली जातो. मी काय करणार? मी उलटलो. आफ्रा धपकन लाकडी जमिनीवर बसली आणि अख्खा मग तिच्या निळ्या झग्यावर सांडला.

मला वाटलं, संपलं. आता ही उठेल, डोळे पुसेल आणि थेट बहिणीच्या पडद्यांमागे जाऊन बसेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"व्हिटूस, तुझी अक्कल घड्याळात ठेवून आलास का रे?" बुर्गल धावत आली. "चल आफ्रा, तुला बाहेर नेते. मोकळ्या हवेत बरं वाटेल."

आफ्रा जमिनीवरून व्हिटूसकडे बघत होती. "आमचा आलोइसही असाच उठून गेला," ती म्हणाली. "सकाळी. न सांगता." आणि ती रडायला लागली. रडता रडता स्वतःच्या भिजल्या झग्याकडे बघून तिला हसू फुटलं. मग दोन्ही एकदमच चाललं आणि तिने ते थांबवलंही नाही.

नाक पुसून झाल्यावर ती म्हणाली, "बाहेर कशाला? माझा मग सांडलाय, संपला नाहीये. दुसरा आण."

तिने मला स्वतः उचलून सरळ केलं. या वेळी ती काठावर बसली नाही. बरोब्बर मधे बसली, ऐसपैस, झगा दोन्हीकडे पसरून. एकट्या माणसाला मी सगळ्यात भक्कम आधार तिथेच देऊ शकतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

व्हिटूस टोपी हातात धरून तसाच उभा. "इथे... जागा आहे का?" त्याने विचारलं.

आफ्राने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "दोन्हीकडे आहे," ती म्हणाली. "कुठेही बसा. पण माझ्या मगाला धक्का लागला तर बघा."

तो बसला. पुढचे दोन तास तो घड्याळांबद्दल बोलला, ती आलोइसबद्दल बोलली. अर्ध्या कोंबडीची कातडी तिने त्याच्याकडून काढून घेतली, दंड म्हणून. तळाचा कोमट घोटसुद्धा तिने सोडला नाही. रिकामा मग टेबलावर आपटून ठेवला तेव्हा बुर्गलने पलीकडच्या रांगेतून शिट्टी मारली.

मग आफ्राने एप्रन नीट केला आणि व्हिटूसच्या खांद्यावर हात ठेवला. "मी उठतेय हं," ती म्हणाली. "आधी मधे सरका." तो सरकला. मगच ती उठली.

मित्रांनो, माझं रोगण उडालंय, पाय कुरकुरतात, यंदा मला मांडतील की जाळतील तेही माहीत नाही. मला पुसलं नाहीत तरी चालेल. नाव कोरलंत तरी मी राग धरणार नाही. पण माझ्यावर जो कुणी शेजारी बसला असेल, त्याला उठण्याआधी सांगा. ज्यांना सांगता येतं, त्यांनी तरी सांगा.