तळेवालीच्या बाटल्या

तळेवालीच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा आत, आणि चहा ओट्यावर गार. शहराच्या तळ्याचं पाणी तपासणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला तळेवाली म्हणत. चिडली की आईसुद्धा. आज दुपारी पालिकेची माणसं तिच्या सख्ख्या भावाच्या लाँड्रीला टाळं ठोकणार होती, आणि तेही तिच्याच अहवालावरून.

तळं यंदा हिरवंगार झालं होतं. हा शब्द बागेला शोभतो. तळ्यावर त्या हिरव्याची साय धरते, घाण सुटते आणि मासे उताणे होतात. पाण्यात फॉस्फेट फार झालं की शेवाळाचं फावतं, म्हणून तळ्याला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचं पाणी तिने तपासलं. फॉस्फेट असलं की औषध घातल्यावर पाणी निळं होतं. दादाच्या लाँड्रीखालच्या नाल्याचं पाणी शाईसारखं झालं.

"अगं, तूच सांगितलंस म्हणून गेल्या वर्षी पावडर बदलली ना मी?" दादा म्हणाला होता. "बिनफॉस्फेटची, महागडी. चादरी पिवळट निघतात म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडतात, तेही ऐकून घेतो."

"मग हे काय आकाशातून पडलं? दादा, आकडे खोटं बोलत नाहीत."

त्यानंतर त्याने तिचा फोन उचलला नाही. त्याने गुपचूप जुनी पावडर पुन्हा सुरू केली असणार, याची तिला खात्रीच होती. सख्ख्या भावालाही आपण पाठीशी घातलं नाही, याचा तिला अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानापायी तिला एका जागी बसवत नव्हतं.

येरझारा घालता घालता ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली आणि थबकली. मोरीत फेसच फेस. आई पदर खोचून नमुन्याच्या बाटल्या घासत होती.

"आई! हे काय करतेस?"

"दिसत नाही? कसले हे हिरवट डाग, शी! गावभरचं पाणी गोळा करत फिरतेस, भांडी तरी नीट धुवावीत माणसाने."

दादाचा नाला घराच्या वाटेवर होता. ऑफिसला जाता जाता त्याचा नमुना घेता यावा, म्हणून बाटल्यांचा एक क्रेट तळेवाली घरीच ठेवी. त्या बाटल्यांना साबण लावायचाच नसतो. त्या पातळ आम्लाने धुवायच्या आणि मग शुद्ध पाण्याने.

"आजच धुतेयस ना? आधी कधी नाही ना?"

"आजच कशी? मागच्या खेपेलाही लख्ख करून दिल्या होत्या. तुझं लक्ष असतं का?"

"कोणत्या पावडरीने?"

"दादाच्या. गेल्या वर्षी बदलली तेव्हा उरलेली गोणी इथे नाही का आणून टाकली? म्हणाला, तळ्याला चालत नाही, तुला मोरीला होईल."

तळेवालीने आईच्या हातातली बाटली काढून घेतली. म्हणजे फॉस्फेट तिच्याच बाटलीतलं होतं, आणि दादा अक्षरन् अक्षर खरं बोलला होता. दर खेपेला एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याने भरून सोबत न्यायची असते. बाटलीतच काही असलं तर ती चहाडी करते. त्या दिवशी तिने घाईत तीच बाटली वगळली होती.

"अगं, झालं तरी काय? मी काही चुकले का?"

"तू नाही गं. मी माती खाल्ली."

ती धावत ऑफिसात गेली. साहेबांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "बाई, लोक काय म्हणतील? ऐन वेळी भावाचा पुळका आला!"

"म्हणू देत. पुन्हा नमुना घेऊ. सगळ्यांसमोर, ऑफिसच्या कपाटातल्या बाटल्यांनी. तिथल्या तिथे तपासू."

"बरं. पण टाळं बरोबर घेऊन जाऊ. पाणी निळं झालं नाही, तर परत आणू."

गाडी थांबायच्या आधीच ती उतरली आणि लाँड्रीत घुसली. तिला कधी एकदा दादाचे पाय धरते असं झालं होतं. आत वाफ कोंडली होती, यंत्रं घरघरत होती. आणि यंत्राशेजारी एक नवीकोरी गोणी होती, तोंड उघडलेली. पावडर जुनी होती. आईच्या मोरीशी होती तीच.

"दादा, हे काय?"

"आज सकाळी आणली," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "वर्षभर इमानाने वागलो, तरी चोरच ठरलो. तेही घरच्याच माणसाने ठरवलं. म्हटलं, जाता जाता गिऱ्हाइकांना चादरी तरी पांढऱ्या करून द्याव्यात."

मग तिने सांगितलं. बाटल्या, आई, मोरी, सगळं अडखळत, तुटक. दादाने ऐकलं. त्याचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला आणि तसाच खाली आला. बाहेर सांडपाण्याच्या पाइपातून नाल्यात पाणी कोसळत असल्याचा आवाज येत होता.

"बाई, येताय ना?" साहेबांनी हाक मारली. "पाणी सुटलंय, हीच वेळ आहे."

"मी त्यांना उद्या या म्हणते," ती पुटपुटली.

"काय म्हणून सांगशील?"

एकदा शब्द फिरवून ती इथवर आली होती. आता पुन्हा फिरवायला तोंड कुठे होतं? नाल्यावरून फेस तळ्याकडे निघाला होता, आणि हा फेस खरोखरच दादाचा होता. तिने त्याला आणायला लावलेला.

ती नाल्यात उतरली. बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते तिला निघेना. मागून दादा उतरला. त्याने बाटली घेतली, झाकण काढलं आणि बाटली पुन्हा तिच्या हातात दिली.

"भर," तो म्हणाला. "आता तुझा आकडा खरा येईल."

सगळ्यांदेखत ती हुंदके देत खाली वाकली आणि तिने बाटली भरली.