डी रिकामी देऊ नये

बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीत अशोकरावांचा कॉम्प्युटर म्हणजे काय चीज होती, हे शर्वरीला लग्न होऊन आल्या आल्याच कळलं. त्यावर कापडी झाकण असे, झाकणाला झालर असे, आणि त्या झालरीला हात लावायची हिंमत घरात कुणाची नसे. देपालपूरच्या तहसिलीत जमिनी मोजण्यात सासऱ्यांची, म्हणजे अशोकरावांची, सगळी हयात गेली. रिटायर झाल्यापासून ते या कॉम्प्युटरवर जुन्या इंदूरचा नकाशा काढत होते. राजवाड्यापासून इथपर्यंतची गल्ली न् गल्ली, आणि प्रत्येक घरावर तिथल्या मराठी कुटुंबाची नावं! नावं विचारायला गेले की लोक चहा पाजत, आणि चहा संपेपर्यंत आणखी चार घरांचा पत्ता लागे. कित्येक वर्षांची मेहनत होती ती.

त्यामुळे नव्या नोकरीला लिनक्स लागतं आणि लॅपटॉप तर बंद पडलाय, असं शर्वरीनं जेवताना सांगितलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, रजतनं, गपकन ताटात मान घातली. पण अशोकराव म्हणाले, "अरे, तो इतना क्या सोचना? एकाच मशीनवर दोन नाही का राहत?"

"राहतात की, बाबा! डिस्कचा एक भाग मला दिलात की झालं. चालू करताना तो विचारेल, विंडोज हवं की लिनक्स."

"मग डी ड्राइव्ह घे. रिकामीच पडलीय. सी माझी, डी तुझी. लो, हो गया बँटवारा!"

शर्वरीला आनंद मावेना. रात्री तिनं स्वतः पाहून घेतलं, डी खरंच रिकामी होती. रविवारी आंघोळी आटपल्यावर ती लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बसली. पडद्यावर डिस्कचे भाग रंगीत पट्ट्यांसारखे दिसत होते. त्यांच्या पोटात काय आहे ते तिथं दिसत नाही. तिनं डीची पट्टी पुसली, पक्कं केलं, आणि नवी आखायला घेतली.

तेवढ्यात अशोकराव हसत हसत आले. "मिळालं का?"

"काय, बाबा?"

"शगुन! तुझ्या सासूबाई म्हणाल्या, सुनेला रिकामी जागा कशी द्यायची? आपण साधा डबासुद्धा रिकामा परत करत नाही. म्हणून सकाळी पूजा झाल्यावर डीमध्ये नकाशा ठेवला."

शर्वरी गर्रकन त्यांच्याकडे वळली. "कॉपी ठेवलीत ना? एक सीमध्ये आहे ना?"

"शगुनात कॉपी देतात का, पगली? उचलून ठेवला. कट-पेस्ट!"

झालं! पोरीनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तिला रडूच फुटलं. आल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि सासऱ्यांचा जीव की प्राण तिनं एका क्लिकमध्ये उडवला होता. अशोकराव मटकन पलंगावर बसले. सासूबाई, शोभनाताई, आतून धावत आल्या आणि सगळं ऐकून नवऱ्यावरच उखडल्या, "एक नारळ ठेवला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"कॉम्प्युटरमध्ये नारळ?" अशोकराव कळवळून म्हणाले.

रडता रडता शर्वरीला हसू आलं, आणि हसू आल्यावर डोकं जरा चाललं. "थांबा, बाबा. मी त्यावर अजून काहीच लिहिलेलं नाही. फक्त हद्द पुसलीय. आतलं सगळं जागच्या जागी असायला हवं."

"म्हणजे बांध गेला, शेत आहे?"

"हो!"

"मग परत मोजणी कर ना, बेटा! रडतेस काय?"

पेनड्राइव्हमध्येच हरवलेल्या हद्दी शोधायचं साधन होतं. तिनं ते लावलं. आकडे हळूहळू सरकायला लागले आणि तिघं पडद्याला नाक लावून बसली. शोभनाताईंनी कुकरच्या शिट्ट्या ऐकल्याच नाहीत. बऱ्याच वेळानं एक ओळ उमटली, तिनं डी पुन्हा बसवली, उघडली... आणि सगळ्या गल्ल्यांसकट नकाशा समोर!

अशोकराव खिडकीतून खालच्या दुकानदाराला ओरडले, "बंटी भिया, गरम कचोरी भेजो! जितनी हो, उतनी!" शोभनाताईंनी सुनेला कवटाळलं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता, पण आज कुणाला त्याचं काही नव्हतं.

शर्वरीनं पहिल्यांदा नकाशाच्या प्रती केल्या, पेनड्राइव्हवर, रजतच्या फोनवर, सासूबाईंच्या फोनवरसुद्धा. मग डी नव्यानं आखून लिनक्स बसवलं. संध्याकाळी मशीन सुरू झालं आणि पडद्यावर दोन्ही नावं दिसली. ती नकाशा सीमध्ये परत ठेवायला गेली, तर अशोकराव म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. ओटीत घातलेलं परत घेतात होय? माझे डोळे आता थकतात गं. मी सांगतो, तू लिही."

ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. आपल्याच गल्लीतलं एक घर नकाशात कोरं राहिलं होतं, त्यांचं स्वतःचं.

"हं, घे. अशोक. शोभना. रजत."

शर्वरीनं टाइप केलं आणि थांबली.

"थांबलीस का?" अशोकराव म्हणाले. "तुझं नाव काय शेजारचे येऊन लिहिणार?"