होडीचे गाणे

थेरपीवाल्या बाईंनी कपाचे चित्र पुढे धरून विचारले, "आजोबा, हे काय आहे?"

आजोबांना कप कळत होता. कप हा शब्दही जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. त्यांनी तोंड उघडले आणि बाहेर आले, "कापून देऊ?"

नात खो खो हसली. तिच्या आईने डोळे वटारले.

"हसू दे तिला," बाई म्हणाल्या. "मेंदूला असा धक्का बसला की कधीकधी एखादंच वाक्य उरतं. रोजच्या वापरातलं."

आजोबांच्या रोजच्या वापरातले दुसरे कुठले वाक्य असणार? उभा जन्म कापडाच्या दुकानात गेला होता. 'घेऊ नका हो, नुसतं बघा तर खरं,' असे म्हणत म्हणत ते रुमाल घ्यायला आलेल्याच्या गळ्यात घरभराचे पडदे मारत, आणि तो माणूस वर आभार मानून जाई. "दुकानात बोलून बोलून दमतात, आणि घरी येऊन विसावा म्हणून पुन्हा बोलतात," असे आजी सगळ्यांना सांगायच्या. मग एका सकाळी गिऱ्हाइकासमोरच मीटरपट्टी हातातून गळून पडली, उजवा हात लोंबू लागला आणि बोलणे आटले. पुढे हात थोडा उठू लागला. बोलणे काही परत आले नाही.

पाणी हवे असले तरी 'कापून देऊ?' पंखा नको असला तरी 'कापून देऊ?' न्हावी घरी आला तेव्हा त्याने विचारायच्या आधी आजोबांनीच त्याला विचारले. त्या दिवशी आजोबाही सगळ्यांबरोबर हसले. पण दुकानातले सोबती भेटायला आले, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. ते लोक निघून जाईपर्यंत फिरवूनच ठेवले. त्यानंतर ते आतल्या खोलीतून फारसे बाहेर येईनात.

त्यांना बाहेर काढले नातीने. तेही स्वतःच्या सोयीसाठी. संध्याकाळी तिचे आईवडील कामावरून यायचे असत, आजी स्वयंपाकात असत आणि तिला टीव्हीपुढे एकटीने बसायला आवडत नसे. तिने आजोबांचा डावा हात धरला आणि ओढतच आणले.

"काय लावलंय गं हे?" आजींनी आतून विचारले.

"ॲनिमे!"

"अगं बाई! दवाखान्यात तेच, घरी आल्यावरही तेच?"

"एनिमा नाही गं आजी! ॲनिमे! जपानी असतं, पण मराठीत बोलतात!"

आजोबांचे खांदे हलू लागले. कितीतरी दिवसांनी ते मनापासून हसत होते.

मालिका होती पाणमांजरांच्या एका कुटुंबाची. नदीवर त्यांची होडी, आणि रोज एक नवा उतारू. एकदा गडगडायला लाजणारा ढग आला, एकदा उजेडाला भिणारा काजवा. घरातले सगळ्यात धाकटे पाणमांजर म्हणजे मोकू. ते पाण्याला घाबरायचे.

"पाणमांजर असून पाण्याला घाबरतो, म्हणजे बघा आजोबा!" नात म्हणायची. "पण तो सांगत नाही कुणाला. आणि ती मोठी आहे ना, ती त्याची ताई. तिला माहितेय, पण तीपण सांगत नाही."

आजारपणापासून जो तो आजोबांना प्रश्न विचारत होता. हे काय, ते काय, मी कोण, आज वार कोणता? आणि विचारून झाले की डोळे मोठे करून उत्तराची वाट बघायचा. नात काहीच विचारत नव्हती. ती नुसती सांगत सुटायची. तिच्याशेजारी बसून राहिले की झाले. आजोबा रोज वेळेआधीच येऊन बसू लागले. मग आजी भाजी निवडायचे ताट घेऊन बाहेर येऊ लागल्या. मुलगा कामावरून आला की बूट न काढता दारातच विचारायचा, "आज कोण बसलंय होडीत?" सून म्हणायची, "सरका जरा," आणि सगळ्यांच्या मध्ये घुसायची. आजारपणाने घरातला प्रत्येकजण एकेका खोलीत जाऊन बसला होता. आता त्या अर्ध्या तासात सगळे एका सतरंजीवर आले होते.

अशाच एका संध्याकाळी सुरुवातीचे गाणे लागले.

"चाल रे होडी, थोडी थोडी,
घाई नाही, घाई नाही,
पैलतीर काही पळत नाही..."

नातीच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. घोगरा, गंजलेला, पण सुरात. आजींना वाटले, टीव्हीच बिघडला. त्यांनी मान वळवली. आजोबा समोर बघत गात होते. एकेक शब्द धडधाकट. गाणे संपले तसे त्यांनी सगळ्यांकडे पाहिले, काहीतरी सांगायला तोंड उघडले, आणि म्हणाले, "कापून देऊ?"

सून रडत रडत हसू लागली.

"गाणं मेंदूच्या वेगळ्या भागात असतं," थेरपीवाल्या बाईंनी पुढच्या भेटीत सांगितले. त्यांनाही आनंद आवरत नव्हता. "आता या चालीतच एकेक शब्द बदलून बघू. वाट फार लांबची आहे हं."

लांबचीच होती. 'चाल रे होडी'च्या जागी 'आण गं पाणी' बसायला महिना गेला. बसले, तरी हवे तेव्हा येईलच असे नव्हते.

एका दुपारी घरी दोघेच होते. न्हाणीघरातून धप्पकन आवाज आला. आजोबा भिंत धरत गेले. आजी फरशीवर पडल्या होत्या. पाय विचित्र वळला होता, चेहरा पांढरा पडला होता. "अहो... कुणाला तरी..." एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे मिटले.

आजोबांनी फोन उचलला. आकडे डोळ्यांपुढे नाचू लागले. फोन टाकून ते दाराबाहेर आले आणि ओरडले, "कापून देऊ! कापून देऊ!" जिन्यात कुणी नव्हते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे दार बंद होते, आत पंखा चालू असल्याचा आवाज येत होता. आजोबांनी कठडा धरला, डोळे मिटले, आणि होते ते एकच बाहेर काढले.

"चाल रे होडी, थोडी थोडी..."

वरून इलेक्ट्रिशियनचा आवाज आला, "वा आजोबा! आज भरदुपारीच कार्यक्रम?" त्याच्या घरीही दोन पोरी हेच गाणे दिवसभर गात असत. तोही तिथूनच साथ देऊ लागला, "घाई नाही, घाई नाही..."

आजोबांनी मान जोरात हलवली. गाणे पुन्हा पहिल्यापासून धरले. त्या ओळीपाशी आले, थांबले, घशाच्या शिरा ताणल्या गेल्या.

"घाई... आहे! घाई आहे! घाई आहे!"

वरचे गाणे थांबले. "आजोबा? चुकलं ना..." आणि पुढच्याच क्षणी तो तीन-तीन पायऱ्या उतरत धावत आला.

त्यानेच आजींना गाडीत घातले. मांडीचे हाड मोडले होते, वर रक्तदाबही पार खाली गेला होता. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात धावत आलेल्या मुलाने इलेक्ट्रिशियनचे दोन्ही हात धरले.

"माझं काय त्यात?" इलेक्ट्रिशियन म्हणाला. "आजोबांनी गाणं चुकीचं म्हटलं म्हणून बरं."

शस्त्रक्रियेनंतर आजी शुद्धीवर आल्या. सुनेने त्यांना सगळे सांगितले. "एवढा जन्म बडबड ऐकली तुमची," त्या आजोबांकडे वळून म्हणाल्या. "पण नेमकं हेच ऐकायला मी जागी नव्हते, बघा."

आजोबांना पुष्कळ सांगायचे होते. त्यांनी ओठ हलवले, मग नुसताच त्यांचा हात दाबला. आजींना झोप लागली.

थोड्या वेळाने नर्स एका हातात औषधांचा ट्रे आणि दुसऱ्या हातात धुतलेली चादर घेऊन आली. आजोबांनी हात पुढे केला.

"राहू द्या आजोबा, मी घालते."

त्यांनी मान हलवली. चादर डाव्या हातात घेतली, तिचा काठ बोटांनी चाचपला, आणि मनगटाला एक झटका दिला. कापड हवेत पूर्ण उलगडले आणि आवाज न करता आजींच्या अंगावर उतरले. एका बाजूला थोडे वाकडे पडले होते. आजोबा पलंगाला धरत धरत त्या बाजूला गेले आणि तळहाताने एकेक सुरकुती सरळ करत राहिले. नर्स ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.