प्यालीतलं काळं पाणी

सेबिस्तोन गावाच्या वरच्या आळीत, गावचा वैद्य असलेल्या तबीब मिर्झोशरीफच्या अंगणात सकाळपासून बायकांची दाटी झाली होती. कुणाच्या मांडीवर तान्हं मूल, कुणाचं पोट पुढे आलेलं. गावातले बहुतेक पुरुष रशियात बांधकामांवर. त्यामुळे औषधपाण्याचं सगळं सासवा ठरवत, आणि सासवांचं मिर्झोशरीफ ठरवी.

होलबीबी खालानं सुनेची, मवलुदाची, रक्तवाढीची गोळी पुढे केली. तबीबानं ती कुटून प्यालीतल्या पिवळसर पाण्यात टाकली आणि ओठ हलवत प्याली फिरवली. बघता बघता पाणी शाईसारखं काळं झालं. ओढण्या तोंडाशी गेल्या.

हे पाणी आपल्या पणजोबांना एका पिरानं स्वप्नात दिलं, असं तबीब सांगत असे. स्वप्नातून जागं होताना ते सांडलं कसं नाही, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पोटात काय जातं ते माझं पाणी दाखवतं," तो म्हणाला. "हे काळं विष पोरीच्या रक्तात मिसळतंय. मग चेहरा पांढरा पडणार नाही तर काय?"

मवलुदाचा चेहरा खरंच पांढराफटक होता. आठवा महिना, आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. गोळ्या तर ती वसंतापासून न चुकता घेत होती, तरी रक्त वाढेना. तालुक्याचा डॉक्टर दर वेळी तपासायचा आणि आणखी गोळ्या द्यायचा. त्या कशाबरोबर घ्यायच्या हे त्यानं कधी सांगितलं नाही, बाहेर रांग असायची. मवलुदा सकाळी नान खाऊन झाला की गरम हिरव्या चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायची. गावात सगळेच तसं करत.

गर्दीच्या मागं तिची थोरली बहीण रुख्शोना उभी होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. काळं पाणी पाहून ती चमकली नाही. तिनं चुलीकडे पाहिलं. तिथं डाळिंबाच्या सालींचा ढीग वाळत पडला होता. सालींचं पाणी आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते. वर्गातल्या मुलांकडून तिनं ती किती वेळा करून घेतली होती. रक्तवाढीच्या गोळीत असतं ते लोहच.

आणि मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. जे डाळिंबाच्या सालीत असतं, तेच चहातही असतं.

ती पुढे झाली. बायकांच्याच किटलीतून तिनं एका प्यालीत चहा ओतला, दुसरीत झऱ्याचं पाणी, आणि खालाच्या हातातली आणखी एक गोळी कुटून तिची पूड दोन्हींत टाकली. चहा काळवंडला. पाणी नुसतं गढुळलं.

"यात मंत्र नाही," ती म्हणाली. "लोह चहाला किंवा सालीच्या पाण्याला भेटलं की काळं पडतं. पोटातही ते तिथंच अडकून राहतं, रक्तात उतरतच नाही. गोळी विष नाही, खाला. आपण ती चहाबरोबर देऊन वाया घालवली. उपाशीपोटी पाण्याबरोबर द्या. मळमळलं तर थोडं खाऊन द्या, पण चहा आणि दूध दोन तास लांब ठेवा."

मिर्झोशरीफनं शांतपणे चहाची ती काळी प्याली उचलली आणि सगळ्यांना दाखवली.

"मास्तरीणबाई, उपकार झाले," तो म्हणाला. "माझ्या पाण्यावर शंका होती ना? घ्या. हे विष साध्या चहालाही सोडत नाही."

बायका हसल्या. होलबीबी खालानं उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या आणि तबीबाचा ताईत सुनेच्या दंडाला बांधला. रुख्शोनानं नव्या गोळ्या आणल्या, हातापाया पडली. मवलुदानं त्या घेतल्या नाहीत. म्हणाली, "आपा, तू तुझ्या घरी जाशील. मला इथं राहायचंय."

बाळंतपणात रक्त गेलं. धडधाकट बाईला सोसलं असतं, इतकंच. पण मवलुदाजवळ गमवायला रक्त नव्हतंच. तालुक्याच्या रस्त्यावर, गाडीतच ती गेली. मुलगी वाचली.

मातीनंतर होलबीबी खाला नातीला मांडीवर घेऊन बसली होती. रुख्शोना जवळ आली तशी तिनं मान वर न करता विचारलं, "पाण्याबरोबर दिली असती, तर जगली असती?"

"सांगता येत नाही, खाला. पण बळ आलं असतं."

म्हातारीनं बाळाला थोपटलं. "मग मला ते समजावू नकोस. तबीब म्हणतो, नशिबात होतं. मला तेवढंच पुरे."

तबीबाचं अंगण पुन्हा भरलं. रुख्शोना अजूनही दारोदार जाते. बायका मान डोलावतात आणि तिच्यासाठी चहा ठेवतात. तिचं मागणं फार साधं आहे. प्याली कुणी काळी करून दाखवली, तर घाबरण्याआधी त्या प्यालीत आधीपासून काय होतं ते विचारा. आणि डॉक्टरनं गोळी हातावर ठेवली, तर ती कशाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी की जेवून, हे कळल्याशिवाय उठू नका, मागं रांग कितीही असो.